क्रीडासंघातील शिस्त व अहस्तक्षेपी व्यवस्थापन

क्रीडासंघाचा व्यवस्थापक, प्रशिक्षक किंवा कर्णधार जेव्हा खेळाडूंच्या दैनंदिन वर्तनावर प्रत्यक्ष नियंत्रण न ठेवता ते बव्हंशी त्यांच्यावरच सोपवितो, तेव्हा त्या पद्धतीस अहस्तक्षेपी व्यवस्थापन असे म्हणता येईल. सरावाची वेळ, आहारविहार, प्रवासातील वागणूक, ड्रेसिंग रूममधील वावर आणि प्रत्यक्ष खेळातील निर्णय ह्या सर्व बाबतींत ही पद्धत आज्ञेपेक्षा विश्वासाला अधिक महत्त्व देते. तिच्यामुळे संघाची शिस्त टिकते की ढासळते, हा प्रश्न बेसबॉलच्या खेळात विशेष चर्चिला गेला आहे. क्रिकेटमध्ये, आणि महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर मुंबईच्या क्रिकेटमध्ये, तो वेगळ्या स्वरूपात पण तितक्याच ठळकपणे आढळतो. उपलब्ध उदाहरणांवरून असे दिसते, की अहस्तक्षेपी व्यवस्थापनात शिस्त नाहीशी होत नाही; ती राखणारा बदलतो. व्यवस्थापकाकडील हे काम ज्येष्ठ खेळाडूंकडे व संघाच्या रूढींकडे जाते. ते पार पाडणारे ज्येष्ठ व त्या रूढी जेथे असतात तेथे ही पद्धत यशस्वी होते. जेथे त्या नसतात किंवा लोप पावतात, तेथे ती बेशिस्तीला वाट करून देते.

शिस्तीचे स्वरूप : क्रीडासंघातील शिस्तीचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिली वेळेची व हजेरीची शिस्त : सरावास, बसमध्ये, समारंभास वेळेवर पोहोचणे. दुसरी तयारीची शिस्त : शरीर सुदृढ राखणे, ठरलेला सराव पुरा करणे, दुखापत न लपविणे. तिसरी प्रत्यक्ष खेळातील शिस्त : संघाच्या गरजेप्रमाणे खेळणे, आपल्या जागी दक्ष राहणे, सहकाऱ्याच्या चुकीची भरपाई करणे. पहिली शिस्त नियमाने व दंडाने लावता येते. दुसरी काही अंशी तशी लावता येते. तिसरी मात्र आज्ञेने निर्माण करणे जवळजवळ अशक्य असते. कारण खेळ चालू असताना निर्णय घेण्यास क्षणार्धच मिळतो आणि त्या क्षणी व्यवस्थापक मैदानाबाहेर बसलेला असतो. कडक व्यवस्थापकाचे यश अनेकदा पहिल्या प्रकारावरून मोजले जाते, तर सामने तिसऱ्या प्रकारावर जिंकले जातात. ह्या विषयावरील पुष्कळसे मतभेद ह्या तीन प्रकारांतील गल्लतीमुळे उद्‌भवतात.

व्यवस्थापकाचे पद : बेसबॉलमध्ये व्यवस्थापक हा संघाचा प्रत्यक्ष सूत्रधार असतो. तो खेळाडूंप्रमाणेच संघाचा गणवेश घालतो, मैदानालगतच्या खोलगट बैठकीत बसतो, फलंदाजीचा क्रम ठरवितो आणि चेंडू टाकणारा खेळाडू केव्हा बदलावयाचा हेही तोच ठरवितो. अमेरिकेतील प्रमुख बेसबॉल स्पर्धेत प्रत्येक संघ सुमारे सहा महिन्यांच्या हंगामात १६२ सामने खेळतो. इतके दिवस तेच खेळाडू एकत्र प्रवास करतात आणि सामन्यापूर्वी व नंतर क्लबहाउसमध्ये, म्हणजे संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये, एकत्र वावरतात. अशा दीर्घ सहवासात रोज आरडाओरडा करणाऱ्या व्यवस्थापकाचे शब्द लवकरच निष्प्रभ होतात. अहस्तक्षेपी पद्धतीस बेसबॉलमध्ये मान्यता मिळण्याचे हे एक कारण होय.

क्रिकेटची व्यवस्था निराळी आहे. तेथे क्षेत्ररचना व गोलंदाजीतील बदल कर्णधार करतो, आणि तो स्वतः मैदानावर असतो. भारतीय संघाच्या दौऱ्यांवर पूर्वी जो व्यवस्थापक जात असे, त्याच्याकडे मुख्यत्वे प्रवास, निवास व शिष्टाचार ह्यांची जबाबदारी असे. १९९० च्या सुमारास ‘क्रिकेट व्यवस्थापक’ हे पद रूढ झाले. त्यात सराव, संघनिवडीतील सल्ला व शिस्त ह्यांचा अंतर्भाव झाला. पुढे त्याची जागा प्रशिक्षकाने घेतली. ह्यामुळे क्रिकेटमध्ये शिस्तीचा भार कर्णधार व प्रशिक्षक ह्या दोघांत विभागलेला असतो. ह्या दोघांच्या पद्धती परस्परविरोधी असल्या, तर संघात दुफळी पडते. जून २०१७ मध्ये अनिल कुंबळे ह्यांनी भारतीय संघाच्या प्रशिक्षकपदाचा राजीनामा दिला. कर्णधारास आपल्या कार्यशैलीविषयी आक्षेप असल्याचे आपणास कळविण्यात आले, हे कारण त्यांनी जाहीरपणे नमूद केले होते.

बॉस्टनचे उदाहरण : अहस्तक्षेपी पद्धतीचे गुण व दोष एकाच माणसाच्या कारकीर्दीत स्पष्टपणे दिसतात, असे उदाहरण बॉस्टन रेड सॉक्स ह्या अमेरिकन बेसबॉल संघाचे आहे. टेरी फ्रँकोना हा २००४ मध्ये ह्या संघाचा व्यवस्थापक झाला. खेळाडूंची जाहीर निर्भर्त्सना न करणे, मतभेद बंद दाराआड मिटविणे आणि क्लबहाउसचा कारभार अनुभवी खेळाडूंच्या हाती देणे, ही त्याची पद्धत होती. त्याच वर्षी संघाने १९१८ नंतर प्रथमच अंतिम अजिंक्यपद मिळविले आणि २००७ मध्ये ते पुन्हा जिंकले.

२०११ च्या सप्टेंबरच्या आरंभी हा संघ पुढील फेरीतील प्रवेशाच्या शर्यतीत प्रतिस्पर्ध्यापेक्षा नऊ सामन्यांनी पुढे होता. त्या महिन्यात त्याने २७ पैकी २० सामने गमावले आणि अखेरच्या दिवशी तो स्पर्धेबाहेर पडला. चेंडू टाकण्याची सुरुवात करणारा बेसबॉलपटू साधारणपणे दर पाचव्या दिवशी खेळतो. मधले दिवस त्याला मोकळे असतात. असे काही खेळाडू सामना चालू असताना क्लबहाउसमध्ये बिअर पीत, तळलेली कोंबडी खात व दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील खेळ खेळत बसत, असे हंगामानंतर वृत्तपत्रांतून उघड झाले. आपला शब्द खेळाडूंपर्यंत पूर्वीसारखा पोहोचत नाही, हे ओळखून फ्रँकोना पदावरून दूर झाला.

त्याच्या जागी कडक शिस्तीसाठी प्रसिद्ध असलेला बॉबी व्हॅलेंटाइन आला. त्याने क्लबहाउसमध्ये बिअरला बंदी केली. हंगामाच्या सुरुवातीसच त्याने एका ज्येष्ठ खेळाडूच्या खेळावरील निष्ठेविषयी जाहीर शंका घेतली. त्यामुळे इतर ज्येष्ठ खेळाडू दुखावले, पुढे खेळाडूंनी मालकांकडे गाऱ्हाणे नेले, आणि २०१२ चा हंगाम ६९ विजय व ९३ पराभव अशा निकालाने संपला. व्हॅलेंटाइनला वर्षभरातच जावे लागले. २०१३ मध्ये जॉन फॅरेल हा फ्रँकोनाचा जुना सहायक व्यवस्थापक झाला. मधल्या काळात अनेक खेळाडू बदलले होते. त्या वर्षी संघाने पुन्हा अजिंक्यपद मिळविले. फ्रँकोनाने पुढे क्लीव्हलंडच्या संघाकडे आपली जुनीच पद्धत चालविली आणि २०१६ मध्ये त्या संघाला अंतिम फेरीपर्यंत नेले.

ह्या घटनाक्रमातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. २००४ ची व २०११ ची पद्धत एकच होती; बदलले होते ते क्लबहाउसमधील ज्येष्ठ खेळाडू. तसेच बेशिस्तीवर नियमांचा उपाय केल्याने शिस्त आपोआप परत येत नाही. बिअर बंद झाली. पण सहकाऱ्याला ‘हे बरे नव्हे’ असे सांगणारा माणूस त्या बंदीतून निर्माण झाला नाही.

मुंबई क्रिकेटची परंपरा : मुंबईच्या संघाने १९५८-५९ ते १९७२-७३ ह्या काळात रणजी करंडक सलग पंधरा वेळा जिंकला. ह्या पंधरा वर्षांत कर्णधार अनेक झाले, खेळाडूही बदलले. आजच्या अर्थाने प्रशिक्षक असा कोणी संघाबरोबर नव्हता. शिस्त लावणारा अधिकारी नसताना संघ इतका काटेकोर कसा राहिला, ह्याचे उत्तर शहरातील क्लब व मैदाने ह्यांच्या रचनेत सापडते. १९४८ मध्ये सुरू झालेली कांगा लीग स्पर्धा ऐन पावसाळ्यात, ओल्या व अवघड खेळपट्ट्यांवर खेळली जाते. तिच्यात राष्ट्रीय संघातील नामवंत फलंदाज व शाळकरी मुलगा एकाच संघात असत. कार्यालयीन व आंतरशालेय स्पर्धांतही वरिष्ठ व कनिष्ठ खेळाडूंचा असाच सहवास घडे.

माटुंग्याचा दादर युनियन हा क्लब त्याच्या शिस्तीसाठी प्रसिद्ध होता. माधव मंत्री (१९२१–२०१४) हे तेथील वडीलधारे. सामन्याआधी बराच वेळ मैदानावर हजर असणे, स्वच्छ इस्त्रीचा पांढरा पोशाख घालणे व पंचाच्या निर्णयावर चेहऱ्यावरही नाराजी न दाखविणे, असे त्यांचे दंडक होते. त्याच क्लबातील वासू परांजपे ह्यांचा स्वभाव मोकळा व विनोदी. ते खेळाडूंना गप्पांतून शिकवीत. सुनील गावसकर हे ह्या दोघांच्याही सहवासात वाढले. तेव्हा मुंबईच्या कर्णधाराकडे येणारा खेळाडू आधीच घडलेला असे. कर्णधाराने त्यास मोकळे सोडले, तरी तो सैल पडत नसे. कारण चुकल्यास क्लबातील वडीलधाऱ्यांपुढे त्याला उभे राहावे लागे. सहजासहजी हार न मानण्याच्या ह्या चिवट वृत्तीला मुंबईत ‘खडूस’ हा शब्द रूढ झाला. तो बोलण्यात दोषवाचक असला, तरी क्रिकेटपटू तो अभिमानाने मिरवितात.

१९७०-७१ च्या हंगामात ह्या परंपरेची कसोटी लागली. मुंबईचे प्रमुख खेळाडू भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडीजला गेले होते. सुधीर नाईक ह्यांच्या नेतृत्वाखालील दुय्यम मानल्या गेलेल्या संघाने महाराष्ट्राचा पराभव करून करंडक राखला. शिस्त एखाद्या थोर खेळाडूच्या किंवा कर्णधाराच्या धाकावर अवलंबून असती, तर असे घडणे कठीण होते.

अजित वाडेकर : अजित वाडेकर (१ एप्रिल १९४१–१५ ऑगस्ट २०१८) हे मितभाषी व शांत वृत्तीचे कर्णधार होते. त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९७१ मध्ये प्रथम वेस्ट इंडीजमध्ये व नंतर इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकली. इंग्लंडच्या दौऱ्यावर संघाचे व्यवस्थापक लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी (१९१९–२००३) हे होते. सैन्यातील शिस्तीचे हे अधिकारी क्षेत्ररक्षण व शारीरिक कसरती ह्यांबाबत कमालीचे आग्रही असत. कर्णधार सौम्य व व्यवस्थापक कडक, अशी ही जोडी त्या वर्षी परस्परपूरक ठरली.

हीच जोडी १९७४ मध्ये पुन्हा इंग्लंडला गेली. मालिकेतील तिन्ही सामने भारताने गमावले. लॉर्ड्‌सवर दुसऱ्या डावात संघ ४२ धावांत बाद झाला. संघ उशिरा पोहोचला म्हणून भारतीय उच्चायुक्तांनी त्यास समारंभातून परत पाठविले, ही घटना त्याच दौऱ्यातील होय. दौऱ्यानंतर वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळण्यात आले व त्यांनी निवृत्ती पत्करली. कर्णधार व व्यवस्थापक तेच असूनही तीन वर्षांत चित्र पालटले, ह्यावरून केवळ कडक व्यवस्थापक असणे हीदेखील शिस्तीची हमी नव्हे, हे दिसून येते.

१९९२ मध्ये वाडेकर स्वतः भारतीय संघाचे क्रिकेट व्यवस्थापक झाले व १९९६ च्या विश्वचषकापर्यंत त्या पदावर होते. खेळाडूंशी वडीलकीच्या नात्याने वागावे व मैदानावरील निर्णय कर्णधार महंमद अझरुद्दीन ह्यांच्यावर सोपवावेत, असे त्यांचे धोरण होते. ह्या काळात भारताने १९९३ मध्ये इंग्लंडला व १९९४ मध्ये श्रीलंकेला मायदेशी प्रत्येकी तीन कसोटींत हरविले. २७ मार्च १९९४ रोजी ऑक्लंड येथील एकदिवसीय सामन्यात सलामीला जाऊ देण्याची विनंती सचिन तेंडुलकर ह्यांनी केली. कर्णधार व व्यवस्थापक ह्यांनी ती मान्य केली, आणि तेंडुलकरांनी ४९ चेंडूंत ८२ धावा काढल्या. खेळाडूच्या स्वतःच्या जाणिवेवर विसंबण्याचा लाभ ह्या प्रसंगात दिसतो.

विश्वासाची मर्यादाही ह्याच दशकाने दाखविली. भारतीय क्रिकेटमधील सामनानिश्चितीचे प्रकरण २००० मध्ये उजेडात आले, केंद्रीय अन्वेषण विभागाने चौकशी केली आणि क्रिकेट मंडळाने काही खेळाडूंवर बंदी घातली. असे गैरप्रकार कडक वा सौम्य अशा कोणत्याच व्यवस्थापकाच्या नजरेच्या टप्प्यात नसतात. त्यांसाठी संघाबाहेरील स्वतंत्र यंत्रणा लागते. शिस्त राखण्याचे काम ज्यांच्याकडे सोपवावयाचे, त्यांच्याविषयीच शंका असेल, तर अहस्तक्षेपी पद्धतीचा आधारच नाहीसा होतो.

कडक शिस्तीचा पर्याय : मुंबईचेच माजी यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित ह्यांनी प्रशिक्षक म्हणून ह्याच्या अगदी उलट पद्धत अवलंबिली. दीर्घ सराव शिबिरे, काटेकोर वेळापत्रक व नावलौकिकाचा मुलाहिजा न ठेवणे, ही तिची वैशिष्ट्ये होत. त्यांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भाने २०१७-१८ व २०१८-१९ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. जून २०२२ मध्ये बंगळूरु येथे झालेल्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशने मुंबईला सहा गडी राखून हरविले व प्रथमच हा करंडक मिळविला. त्या वेळी मध्य प्रदेशचे प्रशिक्षक पंडित आणि मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार होते. विदर्भ व मध्य प्रदेश ह्या संघांना मुंबईसारखी जिंकण्याची अखंड परंपरा नव्हती. जेथे रूढी नसतात तेथे नियमच त्यांची जागा घेतात, व ते लावणारा खंबीर माणूस लागतो. पंडितांच्या यशाचे मर्म त्यात शोधता येते. हीच पद्धत पुढे इंडियन प्रीमिअर लीगमधील कोलकात्याच्या संघात आली, तेव्हा मात्र एका परदेशी खेळाडूने तिच्यावर जाहीर टीका केली; अनुभवी व्यावसायिकांस पोशाख व वागणूक ह्यांविषयीच्या सूचना जाचक वाटतात, असा तिचा आशय होता. त्या संघाने २०२४ मध्ये स्पर्धा जिंकली. तथापि त्या आक्षेपातील तथ्य विजयामुळे नाहीसे होत नाही.

उपनगरे व बदलती परिस्थिती : बृहन्मुंबईची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुप ह्या भागांपर्यंत व १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली, १९९० मध्ये मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. मध्यमवर्गीय वस्ती उत्तरेकडे सरकली, पण क्रिकेटची जुनी मैदाने—आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क, माटुंगा—दक्षिणेकडेच राहिली. बोरिवली वा मुलुंडच्या मुलास पहाटेच्या लोकलने, खांद्यावर किट घेऊन, तासाभराचा प्रवास करावा लागे. ह्या प्रवासाने वेळेची शिस्त आपोआप लावली. वांद्रे-कुर्ला संकुल व कांदिवली येथे मुंबई क्रिकेट संघटनेच्या सुविधा झाल्यावर उपनगरांना मैदाने जवळ आली.

रोहित शर्मा हे ह्या उपनगरी क्रिकेटचे सर्वांत ठळक उदाहरण होय. बोरिवली येथे आजी-आजोबा व काका ह्यांच्याकडे ते वाढले. प्रशिक्षक दिनेश लाड ह्यांनी त्यांना स्वामी विवेकानंद शाळेत प्रवेश व शुल्कमाफी मिळवून दिली. २०१३ च्या हंगामात मध्येच मुंबई इंडियन्सचे नेतृत्व त्यांच्याकडे आले आणि २०२० पर्यंत त्या संघाने पाच वेळा अजिंक्यपद मिळविले. त्यांची कर्णधारपदाची शैली मोकळी, थोरल्या भावासारखी होती. ड्रेसिंग रूममध्ये दडपण नसावे ह्याकडे त्यांचा कटाक्ष असे. परंतु क्षेत्ररक्षणातील ढिलाई ते तेथल्या तेथे बोलून दाखवीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये विशाखापट्टणम येथील कसोटीत, बागेत फिरल्यासारखे कोणी वागू नये, अशा आशयाचे त्यांचे मुंबईच्या रस्त्यावरील हिंदीतले बोल यष्टीजवळच्या ध्वनिक्षेपकाने टिपले व ते देशभर गाजले. त्या बोलण्याने कोणी दुखावले नाही. उलट ते संघात व चाहत्यांत कौतुकाचा विषय झाले. जून २०२४ मध्ये बार्बेडोस येथे टी-२० विश्वचषक आणि मार्च २०२५ मध्ये दुबई येथे चॅम्पियन्स करंडक भारताने त्यांच्या नेतृत्वाखाली जिंकला.

ह्या दोन विजयांच्या मधल्या काळात मात्र २०२४ च्या अखेरीस न्यूझीलंडविरुद्धच्या मायदेशातील तिन्ही कसोटी आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियातील मालिका १-३ अशी गमावली गेली. तेव्हा जानेवारी २०२५ मध्ये क्रिकेट मंडळाने दहा कलमी धोरण लागू केले. स्थानिक सामने खेळणे, संघाबरोबरच प्रवास करणे, सरावाची पूर्ण वेळ थांबणे ह्या गोष्टी सक्तीच्या झाल्या. सामान, खाजगी सेवक व कुटुंबीयांचे वास्तव्य ह्यांवर मर्यादा आल्या. पूर्वी रूढीने होणाऱ्या गोष्टी आता लेखी नियमाने कराव्या लागल्या, हा ह्या धोरणाचा खरा अर्थ होय. त्याच महिन्यात वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर रोहित शर्मा, अजिंक्य रहाणे, यशस्वी जैस्वाल, श्रेयस अय्यर अशा नामवंतांसह खेळलेल्या मुंबईस जम्मू-काश्मीरने पाच गडी राखून हरविले. मुंबईच्या दुसऱ्या डावात शतक काढले ते दिनेश लाड ह्यांचेच विद्यार्थी असलेल्या शार्दूल ठाकूर ह्यांनी. नियमाने नामवंत खेळाडूंची हजेरी लागली. परंतु पूर्वी वर्षभराच्या सहवासातून जे घडे, ते एका सामन्याच्या हजेरीने साधणे शक्य नव्हते.

ह्या बदलाचा सर्वाधिक परिणाम तरुण खेळाडूंवर होतो. २००८ पासून इंडियन प्रीमिअर लीगमुळे विशीच्या आतील गुणी मुलगा क्लबातील ज्येष्ठांच्या हाताखाली दीर्घकाळ न राहताच देशोदेशीच्या खेळाडूंच्या संघात जाऊ शकतो. तेथे त्याला आहारतज्ज्ञ व व्यायामतज्ज्ञ भेटतात, पण सामना संपल्यावर लोकलमध्ये शेजारी बसून त्याची चूक सांगणारा वडीलधारा भेटेलच असे नाही. अशा मुलाच्या बाबतीत व्यवस्थापकाचा अहस्तक्षेप हा विश्वास न राहता दुर्लक्ष ठरण्याचा धोका असतो, आणि त्याची किंमत संघापेक्षा त्या मुलासच अधिक मोजावी लागते.

महिला विश्वचषक, २०२५ : अमोल मुजुमदार हे मुंबईच्या जुन्या परंपरेत वाढलेले फलंदाज. २००६-०७ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखालील मुंबईने सुरुवातीचे तीन सामने गमावूनही अखेर रणजी करंडक जिंकला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०२५ च्या विश्वचषकात संघ लागोपाठ तीन सामने हरला. एरवी शांत असणाऱ्या मुजुमदारांनी इंग्लंडविरुद्धच्या पराभवानंतर मात्र खेळाडूंना कठोर शब्दांत सुनावले, आणि सर्वांनी ते योग्य भावनेने घेतले, असे कर्णधार हरमनप्रीत कौर ह्यांनी नंतर सांगितले. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचे लक्ष्य गाठताना बालपण भांडुपमध्ये गेलेल्या जेमिमा रॉड्रिग्ज ह्यांनी नाबाद १२७ धावा केल्या. इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात त्यांना वगळण्यात आले होते. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबई येथे दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनी हरवून भारताने विश्वचषक जिंकला. अहस्तक्षेपी व्यवस्थापकाने क्वचितच उच्चारलेल्या कठोर शब्दाचे वजन किती असते, आणि खेळाडूस वगळण्याचा अधिकार सौम्य व्यवस्थापकालाही वापरावा लागतो, ह्या दोन्ही गोष्टी ह्या स्पर्धेत दिसून आल्या.

मूल्यमापन : व्यवस्थापनपद्धतीचे मूल्यमापन बहुधा निकालावरून केले जाते, हा ह्या विषयातील मोठा दोष होय. संघ जिंकला की मोकळीकीस विश्वास म्हणतात, हरला की तिलाच ढिलाई म्हणतात. कडकपणाही अशाच रीतीने खंबीरपणा किंवा जुलूम ठरतो. दुखापती, प्रतिस्पर्ध्याचे बळ, खेळपट्टी व दैव ह्यांचा वाटा ह्यात विसरला जातो. बॉस्टनचा २०११ चा संघ बिअरमुळेच हरला, असे सिद्ध करता येत नाही. तरीसुद्धा अहस्तक्षेपी पद्धत यशस्वी होण्यास तीन गोष्टी आवश्यक असल्याचे वरील उदाहरणांवरून म्हणता येते : संघात स्वतः नियम पाळणारे व इतरांस सांगू शकणारे ज्येष्ठ खेळाडू असणे, नवागतास ज्या रूढी मान्य व्हाव्यात अशा रूढी आधीच अस्तित्वात असणे, आणि ह्या दोहोंना तडा जात असल्याचे वेळीच ओळखून हस्तक्षेप करण्याची व्यवस्थापकाची तयारी असणे. ह्यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत अवघड असते. खेळाडूंपासून अंतर राखणाऱ्या व्यवस्थापकास त्यांच्या आयुष्यात काय चालले आहे हे इतरांपेक्षा अधिक बारकाईने माहीत असावे लागते. ज्यास ते माहीत नसते, त्याचा अहस्तक्षेप हा केवळ अनुपस्थितीचा एक प्रकार ठरतो.